पन्नाशीत घेतलेली दोन सीटांची गाडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ५३ वर्षांची. मुलुंड पूर्वेला राहते, तिथेच माझी छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. दीड वर्षापूर्वी मी २०१४ सालची, गडद निळी, दोन सीटांची, छत उघडणारी स्पोर्ट्स कार घेतली. तेव्हापासून लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, सिग्नलला, अगदी पेशंटचं रक्त काढतानासुद्धा तेच तेच प्रश्न येतात. पन्नाशीच्या आसपासचे लोक आवाज खाली करून विचारतात, कारण त्यांच्याही मनात कुठली तरी गाडी असते. त्यांच्यासाठी ही उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

किती देते?

शहरात ६ ते ७, एक्सप्रेसवेवर ११ च्या आसपास. माझ्या गाडीला ९५ ऑक्टेनचं पेट्रोल लागतं. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. जुनी गाडी घेत असाल तर टाकीच्या झाकणाच्या आतलं स्टिकर आणि मॅन्युअल वाचून तिला किती चालतं ते आधी बघा. महिन्याला माझे ४०० किलोमीटरसुद्धा होत नाहीत, त्यामुळे पेट्रोलने माझं बजेट कधी मोडलं नाही. टायर आणि विमा हे खरे खर्च.

कोणाची गाडी? मिस्टरांची की मुलाची?

माझी. आरसी माझ्या नावावर, पैसे माझे, चालवते मी.

एवढं सरळ सांगायला मला दोन महिने लागले. पेट्रोलपंपावर, वॉचमनला, सोसायटीतल्या काकूंना मी सुरुवातीला "मिस्टरांची आहे" असं सांगून मोकळी व्हायचे. कधी म्हणायचे, "मुलाने हट्ट धरला." मुलगा तेव्हा बंगळूरला हॉस्टेलवर होता आणि त्याला गाडीचा पत्ताही नव्हता. गणपतीत आरतीनंतर कोणीतरी नवऱ्याला म्हणालं, "काय साहेब, तरुण झालात!" तो चिडला नाही. रात्री जेवताना एवढंच म्हणाला, "२६ वर्षं लॅब चालवलीस, तीसुद्धा मीच चालवली असं सांगतेस का लोकांना?" त्यानंतर मी खोटं सांगणं बंद केलं.

बायकांनी गाडी घेतली तर हे होणार हे गृहीत धरा. गाडी दाखवायला आलेला एजंट चावी नवऱ्याच्या हातात देतो. विम्याचा माणूस फोनवर "साहेबांना देता का?" म्हणतो. मी सांगते, जे काय बोलायचं ते माझ्याशीच बोला. दुसऱ्या फोनपासून सगळे सरळ होतात.

या वयात शोभतं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो जवळची माणसंच विचारतात. माझ्या मोठ्या नणंदेने विचारला. वन्संचा माझ्यावर जीव आहे, म्हणून मी तो मनावर घेतला आणि बरेच दिवस त्यावर विचार करत राहिले.

शोभणं म्हणजे काय, तर वयाप्रमाणे साडीचे रंग फिके करत जायचे, आवाज खाली आणायचा, आपल्यासाठी काही घ्यायचं झालंच तर ते घराच्या उपयोगाचं असावं. आपल्याकडे हौसेला नकार नाही. "हौसेला मोल नसतं" असं आपणच म्हणतो. पण कुठल्या हौसेला परवानगी आहे ते ठरलेलं असतं. मी तेवढ्याच पैशांचं सोनं घेतलं असतं तर वन्संनी हातात घेऊन वजनाचा अंदाज केला असता आणि घडणावळ विचारली असती. चौघांची युरोप टूर केली असती तर सोसायटीच्या ग्रुपवर फोटोंना हार-तुरे मिळाले असते. मुलाच्या लग्नात तीन दिवसांत यापेक्षा जास्त उडवले असते तरी चाललं असतं. या तिन्ही गोष्टी इतरांना दिसतात, इतरांसोबत होतात. गाडीत मात्र मी एकटी बसते. मला वाटतं, खुपतं ते हे.

२००२ मध्ये सचिनने डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली आणि त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. पुढे तिच्यावरच्या कस्टम ड्युटीच्या माफीवरून केवढा गदारोळ झाला! शेवटी ती ड्युटी कंपनीने भरली. आमच्या घरीसुद्धा तेव्हा रोज रात्री वाद व्हायचे, माफी द्यावी की नाही. प्रश्न रास्तच होता. पण बांद्र्याच्या साहित्य सहवासात वाढलेल्या या मुलाला ती गाडी पहाटे रिकाम्या रस्त्यावर चालवताना काय वाटत असेल, हे आमच्यापैकी कोणीही एकदाही विचारलं नाही. गाडी म्हटली की आपण कर, मायलेज, पार्किंग आणि रिसेल बोलतो.

वन्संना मी सांगितलं, "शोभतं की नाही ते मला माहीत नाही, पण मला फार आवडतं." त्या गप्प बसल्या. पुढे कधी त्यांनी तो विषय काढला नाही, आणि बसायलाही आल्या नाहीत. तेही ठीक आहे.

मग मिडलाइफ क्रायसिस म्हणतात ते हेच का?

हा शब्द एलियट जॅक्स या मनोविश्लेषकाने १९६५ साली वापरला. मोठ्या कलावंतांची आयुष्यं तपासताना त्याला दिसलं, की पस्तिशीच्या पुढे केव्हातरी माणसाला आपलं मरण खरोखर जाणवायला लागतं आणि त्याच्या कामात काहीतरी हलतं. स्पोर्ट्स कारची थट्टा त्या शब्दाला नंतर चिकटली. मूळ मुद्दा मरणाचा होता.

त्या अर्थाने विचाराल तर हो. माझ्या टेबलावर रोज रिपोर्ट येतात आणि प्रत्येक रिपोर्टवर नावाशेजारी वय छापलेलं असतं. गेल्या काही वर्षांत वाईट रिपोर्टवरची वयं माझ्या वयाची, कधी माझ्याहून कमी असतात. २०२३ मध्ये बाबा गेले. त्यांची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी होती, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. दर रविवारी सकाळी ते बादली आणि जुनं बनियन घेऊन खाली उतरायचे. तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला असायचा. ते क्लच दाबून "हं" म्हणायचे आणि मी शेजारून दोन्ही हातांनी तो वर ढकलायचे. मला गाड्यांचं वेड लागलं ते तिथे. बाबा गेले त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून गेली. त्या दिवशीचा पेपर मी अजून ठेवला आहे.

पण एक मनापासून सांगते. कोणी गेल्यावर, घटस्फोटानंतर, नोकरी सुटल्यावर लगेच असा खर्च करू नका. मी बाबा गेल्यानंतर ११ महिने थांबले. तेवढ्या काळात इच्छा विरली असती तर मी गाडी घेतली नसती.

पैसे किती लागले? परवडतं कसं?

२७ लाख, वापरलेल्या गाडीचे. कर्ज काढलं नाही. गृहकर्ज फिटलेलं होतं, मुलाच्या शिक्षणाचे पैसे बाजूला होते, आमच्या दोघांच्या म्हातारपणाची आणि आईच्या औषधपाण्याची तजवीज झालेली होती. यातलं एक जरी राहिलं असतं तर लोकांचं बोलणं खरं ठरलं असतं. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण या बाबतीत शब्दशः पाळा. घेतल्यावरही दरवर्षी किमतीच्या दहाव्या हिश्शाएवढी रक्कम मी वेगळ्या खात्यात टाकते. गेल्या वर्षी चार टायर आणि एक सेन्सर यांतच त्यातली निम्मी गेली.

नवी का नाही घेतली?

नव्या मोठ्या गाडीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. त्यावर महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या, २० लाखांच्या वरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के एकरकमी वाहनकर, आणि आयात केलेली असेल तर २० टक्के. मी घेतली तेव्हाही हिशेब असाच जड होता. वापरलेल्या गाडीचा हा सगळा भार पहिल्या मालकाने उचललेला असतो.

जुनी घेताना तिथल्या तिथे तपासायच्या काही गोष्टी. टायरच्या बाजूला चार आकडी अंक असतो. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला आहे. टायरची नक्षी कितीही खोल दिसो, सहा-सात वर्षांचा टायर बदलायचाच. छत दहा वेळा उघड-बंद करून बघा आणि सीटमागच्या गालिच्यात हात घालून ओल लागते का पाहा. मुंबईच्या चार पावसाळ्यांचं पाणी तिथे मुरतं. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याचा बँकेचा कागद आणि फॉर्म ३५ (बोजा काढायचा आरटीओचा अर्ज) हातात आल्याशिवाय विक्रेत्याला शेवटची रक्कम देऊ नका. थकीत ई-चलान बघा. दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, कारण तिथे जुन्या गाड्यांवर बंधनं आहेत. पण ती इथे आणलीत की एनओसी काढा, महाराष्ट्राचा कर भरा, आरटीओच्या खेपा घाला. मी एमएच ०२ चीच शोधली.

एका विक्रेत्याने मला अपघात लपवून गाडी दाखवली होती. माझ्यासोबत आलेल्या गॅरेजवाल्या दादांनी बॉनेटच्या बोल्टवरचा उडालेला रंग बोटाने दाखवला आणि आम्ही चहासुद्धा न घेता निघालो. असा एक माणूस सोबत न्याच. त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या.

मुंबईत अशी गाडी चालवणार कुठे?

रविवारी पहाटे, आणि मर्यादेत.

मुलुंडहून साडेपाचला निघते. पूर्व द्रुतगती महामार्ग, चेंबूरहून ईस्टर्न फ्रीवे, पी. डिमेलो रोडला उतरून मरीन ड्राइव्ह, मग कोस्टल रोड. बोगद्यात वेग ६० ला बांधलेला, सरळ रस्त्यावर ८०. मलबार हिलखालचे दोन किलोमीटर संपले की प्रियदर्शनी पार्कपाशी एकदम उजेड आणि खारा वारा अंगावर येतो. छत उघडं असलं की तो वारा आधी कानाला कळतो, बोगद्याचा घुमणारा आवाज एका क्षणात तुटतो. पुढे हाजी अली, वरळी आणि सरळ सी लिंक. कधी शिवडीहून अटल सेतू घेते. २१.८ किलोमीटर, गाड्यांना १०० ची मर्यादा, भरती-ओहोटीची वेळ जुळली तर खाली फ्लेमिंगो. महिन्यातून एकदा माळशेज. एरवी आठच्या आत परत, कारण नऊला लॅबमध्ये रिपोर्ट सही करायचे असतात.

"मग ३०० घोड्यांची ताकद कशाला?" असं विचारतात. ६० च्या वेगातसुद्धा ही गाडी वळणात हाताला जे सांगते ते माझ्या हॅचबॅकने १२० वरही कधी सांगितलं नाही. बूड जमिनीच्या इतकं जवळ असतं की रस्त्याचा पोत कळतो. मला शर्यत लावायची नाही. ज्यांना लावायची आहे त्यांनी चेन्नई, कोइम्बतूर किंवा ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकवर जावं. कोस्टल रोडवर रात्री गाड्या पळवणाऱ्यांमुळे ब्रीच कँडीच्या लोकांची झोप मोडते, त्याचा मला राग येतो, आणि तुम्हीही तसं करणार असाल तर कृपया ही गाडी घेऊ नका.

स्पीडब्रेकर? खड्डे? पाऊस?

नियमाप्रमाणे स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असायला हवा. तसा असेल तर गाडी अलगद जाते. आपल्या गल्ल्यांतले अरुंद आणि टोकदार असतात. माझ्या गाडीचं पोट जमिनीपासून वितीपेक्षा कितीतरी कमी उंचीवर आहे. म्हणून तिरकी घालायची: आधी एक चाक, मग दुसरं. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवतो, वाजवू द्या. घेण्याआधी तुमच्या बिल्डिंगचा रॅम्प त्याच गाडीने चढून बघा. पहिल्या आठवड्यात आमच्याच गेटवर माझा पुढचा बंपर खालून खरवडला गेला, त्या आवाजाने पोटात गोळा आला होता.

पावसात ती बाहेर काढत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मी किंग्ज सर्कलला कमरेएवढ्या पाण्यातून चालत गेले होते. आताही अंधेरी सबवे भरतोच. चुकून पाण्यात बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असेल तर त्या एका झटक्यात इंजिन जातं. विम्यात झिरो डेप्रिसिएशन (भाग बदलताना घसारा न कापणारं) आणि इंजिन प्रोटेक्ट (पाण्याने इंजिन गेलं तर भरपाई देणारं) दोन्ही घ्या.

सोसायटीत त्रास झाला का?

थोडा. माझं पार्किंग एकच, त्यात रोजची हॅचबॅक. दुसरी जागा सर्वसाधारण सभेत रीतसर अर्ज करून, जादा शुल्क भरून मिळाली. सभेत एक काका म्हणाले, "लोकांना एक जागा मिळत नाही, यांना खेळण्यासाठी दुसरी." त्यांचं चुकलं नव्हतं. मी लिहून दिलं आहे, की वेटिंग लिस्टवर कोणी आलं तर महिन्याभरात जागा सोडेन आणि बाहेर भाड्याने घेईन. पहाटे स्टार्ट केल्यावर गाडी दोन मिनिटं मोठ्याने गुरगुरते, म्हणून शनिवारी रात्रीच ती गेटबाहेरच्या मोकळ्या बाजूला लावते.

खरा त्रास उंदरांचा. उभ्या गाडीची वायर त्यांना फार आवडते. बॉनेटखाली तंबाखूच्या पुरचुंड्या ठेवते, दर पंधरा दिवसांनी बदलते. उभ्या गाडीची बॅटरी उतरू नये म्हणून तिला ट्रिकल चार्जर लावून ठेवते.

लॅबमधले लोक, पेशंट काय म्हणाले?

याबद्दल कोणी फारसं विचारत नाही, पण मला सांगायचं आहे.

पहिले चार महिने मी गाडी लॅबवर नेली नाही. मग एकदा हॅचबॅक सर्व्हिसिंगला होती म्हणून न्यावी लागली. रिसेप्शनवरच्या मुलीने हौसेने सेल्फी काढले. सॅम्पल घेणाऱ्या ताई, १४ वर्षं माझ्याकडे आहेत, त्या काचेतून एकदा बघून पुन्हा ट्यूबवर लेबलं लावायला लागल्या. दिवसभर नेहमीसारख्या बोलल्या, फक्त दुपारी डबा खायला माझ्यासोबत बसल्या नाहीत. त्या वर्षी नवं मशीन घेतलं म्हणून मी सगळ्यांची पगारवाढ पुढच्या एप्रिलवर ढकलली होती. मशीनचा हिशेब खरा होता. पण ज्यांना थांबा म्हटलं त्यांच्या दारात मी ही गाडी उभी केली होती. त्या रात्री झोप लागली नाही. पुढच्याच महिन्यात वाढ दिली, मागच्या महिन्यांच्या फरकासकट. ताईंना मी सॉरी म्हणाले. त्या म्हणाल्या, "मॅडम, गाडी छान आहे हो."

लोकांच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करा असा सल्ला खूप मिळतो. मी तो सरसकट मानत नाही. ज्यांचं पोट आपल्या निर्णयांवर चालतं त्यांचं गप्प बसणंसुद्धा ऐकायचं.

मुलाला चालवायला देता का?

मुलगा २२ वर्षांचा, लायसन्सवाला. मी शेजारी असेन तेव्हाच देते. १६ वर्षांच्या भाच्याला चावी हातातसुद्धा देत नाही, त्याची आई नाराज झाली तरी. मी गाडी घेण्याच्या थोडंच आधी, १९ मे २०२४ च्या पहाटे, पुण्यात कल्याणीनगरला १७ वर्षांच्या मुलाने चालवलेल्या पोर्शेखाली दोन तरुण इंजिनीअर गेले. त्यानंतर महाराष्ट्रात अशा गाडीकडे लोक ज्या नजरेने बघतात ती नजर मला समजते. सिग्नलला एका बाईने माझ्याकडे बघून मुलाचा हात घट्ट धरला होता. मला वाईट वाटलं, पण तिच्या जागी मीही तेच केलं असतं. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, आणि वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते.

पाठ, गुडघे, चष्मा?

आधी पाठमोरं होऊन बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत. उतरताना उलट. घेण्याआधी सलग तासभर बसून बघा. चाळिशी लागलेली असेल तर मीटरचे आकडे आणि लांबचा रस्ता दोन्ही दिसतील असा प्रोग्रेसिव्ह चष्मा करून घ्या.

आई-सासूबाई काय म्हणाल्या?

सासूबाई म्हणाल्या, "दोघंच बसणार? बाकीच्यांनी काय करायचं?" बाकीच्यांसाठी हॅचबॅक आहे.

आई ७९ वर्षांची. तिने वर्षभर गाडीबद्दल चकार शब्द काढला नाही, मी समजायचे ते समजले. मग एका शनिवारी ती राहायला आली आणि रात्री म्हणाली, "उद्या जाशील तेव्हा मला उठव." पहाटे ती नऊवारी नेसून, अंबाड्यावर अबोलीचा गजरा माळून तयार. काठी आत मावेना, ती वॉचमनकडे ठेवली. पूर्ण रस्ता तिने एक हात गजऱ्यावर ठेवला होता आणि दुसऱ्याने दाराची कडी पकडली होती. बोगद्यात तिने गिअरवरच्या माझ्या हाताकडे बघितलं आणि विचारलं, "हा इथे असतो का आता?" मी हो म्हटलं. परत आलो तेव्हा वॉचमनने काठी आणून दिली आणि विचारलं, "आजी, कशी आहे साहेबांची गाडी?"

"साहेबांची नाही रे," आई म्हणाली, "माझ्या लेकीची आहे."

एक चक्कर मिळेल का?

हो. रविवारी पहाटे साडेपाचला, मुलुंड पूर्वेला गेटपाशी. एका वेळी एकच. मोठी बॅग आणू नका, केस बांधून या.